सोलापूर : मुक्काम माळावर, दुपार शहरात – गाडी आणि तंबू घेऊन येणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅम्पिंग आणि शहर एकाच फेरीत जमतं का? का एक दिवस तंबूचा, एक दिवस शहराचा असं करायचं?

जमतं, पण दिवस वाटून घेऊ नका. दिवसाचे तास वाटून घ्या. सोलापूरचं ऊन डिसेंबरातही अकरानंतर चटका देतं आणि नायलॉनचा तंबू अर्ध्या तासात भट्टी होतो. त्यामुळे पूर्ण दिवस माळावर काढायचा बेत केला की दुपारी बारा ते चार नुसती सावली शोधण्यात जातात. उलट पूर्ण दिवस शहरात काढला तर माळावरची संध्याकाळ हुकते, आणि इथे खरी मजा संध्याकाळचीच आहे. तंबू शहरापासून २० ते २५ किलोमीटरच्या आत एकाच ठिकाणी लावा, दोन रात्री तो हलवू नका. सकाळी नवाच्या सुमारास गाडी काढा, दुपार शहरात काढा, साडेचारला परत फिरा.

मग तंबू नेमका कोणत्या बाजूला लावायचा?

बार्शी रस्ता, तुळजापूर रस्ता, अक्कलकोट रस्ता आणि मंगळवेढा रस्ता या चारही बाजूंना शेतं आणि मुरमाड माळ आहे. आमचं मत बार्शी किंवा तुळजापूर रस्त्याकडे झुकतं. जमीन उंच आहे, पाणी साचत नाही आणि रात्री आकाश मोकळं मिळतं. तुळजापूर रस्त्यावर हिप्परग्याचा तलाव म्हणजे इंग्रजांच्या काळातला एकरुख तलाव लागतो. त्याच्या अगदी काठावर नको, पण त्या बाजूच्या एखाद्या शेतात मुक्काम केला तर पहाटे पक्षी बघायला चालत जाता येतं.

कृषी पर्यटन केंद्र असेल तर संडास, पाणी, रात्रीचा दिवा हे प्रश्न तिथेच मिटतात. पहिल्यांदा येणाऱ्यांनी तेच घ्यावं. फोनवर तीन गोष्टी स्पष्ट विचारा : दर तंबूमागे की माणशी? तंबू आपला चालेल का? आणि रात्री पंप सुरू असतो का? तिसऱ्या प्रश्नाला लोक हसतात, पण शेतीची वीज बरेचदा रात्रीच येते आणि मोटारीच्या खोलीपासून पंधरा फुटांवर तंबू लावला तर झोप विसरा.

कोणाच्या शेतात परवानगी कशी मागायची?

उजेड असताना, मालकाला भेटून. गड्याने "लावा की ओ, काय होतंय" म्हटलं तरी मालकाचा होकार वेगळा घ्या. सोलापूरकडे अनोळखी माणसालाही "मालक" म्हणायची पद्धत आहे, तेव्हा "मालक, दोन रात्री तंबू लावू का, चूल पेटवणार नाही, कचरा सोबत नेणार" एवढं एका दमात सांगितलं की बहुतेक वेळा काम होतं. पीक उभं असलेल्या वावरात आणि ताज्या नांगरटीवर जागा मागू नका. गावाच्या पोलीस पाटलांना गाडीचा नंबर आणि किती जण आहात ते कळवून ठेवा. रात्री कुणी बॅटरी घेऊन चौकशीला आलं तर तेवढं एक नाव पुरतं.

कोणते महिने चांगले?

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. डिसेंबर-जानेवारीत शहरात रात्री तापमान साधारण १५ अंशांच्या आसपास जातं, उघड्या माळावर त्याहून दोन-तीन अंश कमी धरा. मार्चपासून दुपार सोसत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या वर जातो, तेव्हा तंबूचं नावही काढू नका. पावसाळ्यात इथे पाऊस तसा कमीच, पण त्याचा जोर सप्टेंबरात असतो आणि काळ्या मातीत एक सर पुरेशी असते. त्याबद्दल खाली सविस्तर.

पुण्याहून रस्ता कसा आहे? किती वेळ धरायचा?

पुणे-सोलापूर सुमारे २५० किलोमीटर, राष्ट्रीय महामार्ग ६५, चौपदरी. हडपसर सुटल्यावर साडेचार ते पाच तास. पाटस, सरडेवाडी, वरवडे आणि सावळेश्वर असे चार टोलनाके लागतात, फास्टॅगमध्ये परतीचेही पैसे आधीच भरून ठेवा. तीन दिवसांची पूर्ण फेरी, म्हणजे जाणं-येणं, तंबू ते शहर दोनदा आणि शहराच्या दक्षिणेला असलेल्या हत्तरसंग कुडलची एक चक्कर, साधारण ६५० किलोमीटर होते. लिटरला १५ देणाऱ्या गाडीला ४३-४४ लिटर इंधन. हैदराबादकडून येणाऱ्यांना हाच महामार्ग नळदुर्गमार्गे थेट सोलापुरात आणतो, आणि विजयपूरकडून अंतर फक्त १०० किलोमीटरच्या आसपास.

रस्ता चांगला आहे म्हणून वेग वाढतो, आणि धोका तिथेच आहे. दुभाजकातल्या फटींतून दुचाक्या आडव्या येतात, ढाब्यांसमोर उलट दिशेने येतात. डावी लेन मोकळी दिसली तरी ढाबा जवळ आला की वेग कमी करा.

रात्री गाडी चालवू का? दिवस वाचेल.

ऊस गाळपाच्या हंगामात, म्हणजे आपल्या कॅम्पिंगच्याच महिन्यांत, नको. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची गर्दी आहे आणि एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या रात्रभर धावतात. मागे दिवा नसतो. रिफ्लेक्टर असला तरी लोंबणाऱ्या उसाखाली झाकलेला असतो. समोरून येणाऱ्या दिव्यांमुळे डोळे दिपलेले असताना ट्रॉली दिसते ती वीस-पंचवीस मीटरवर, आणि ताशी ८० ने चालणारी गाडी तेवढ्यात थांबत नाही. पंक्चर झालेली ट्रॉली मागे चार दगड लावून रस्त्यातच उभी असते, ते वेगळंच. टेंभुर्णी ते मोहोळ हा पट्टा सूर्यास्तापूर्वी ओलांडायचा असं गणित मांडा. तंबूवरून शहरात जातायेतानाही तोच नियम : सहाच्या आत मुक्कामावर.

वाटेत उजनी धरणाच्या काठावर एक रात्र काढली तर?

कल्पना छान, फक्त पाण्याला चिकटून नको. भिगवणजवळ कुंभारगाव आणि डिकसळ इथे हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, पहाटे नावेतून फेरी मारता येते, आणि भिगवणची मासळी खाऊनच पुढे निघायचं असतं. पण बॅकवॉटर हिवाळ्यात मागे सरकत जातं आणि मागे राहतो तो गाळ. वरून वाळलेला, भेगा पडलेला, अगदी टणक दिसतो, खाली एक-दीड फुटावर लोणी. गाडी त्यावर घातली की चाकं वरचा पापुद्रा फोडून खाली बसतात आणि मग ट्रॅक्टरशिवाय निघत नाहीत. साधी चाचणी : तंबूची खुंटी हाताने दाबा. निम्मी आत गेली तर गाडी तिथेच थांबवा, पुढे पायी चला. धरणाच्या भिंतीच्या परिसरात मुक्कामाला परवानगी नाही, तिकडे वळूच नका.

नदीच्या वाळूत तंबू लावलेले फोटो दिसतात. भीमेत लावू का?

नाही. उजनीतून भीमेत पाणी सोडतात ते फक्त पावसाळ्यात नाही. सोलापूर शहराला प्यायला पाणी पोचवण्यासाठी कोरड्या दिवसांतही नदीतून पाणी सोडलं जातं, ते खाली टाकळीच्या बंधाऱ्यापर्यंत येतं. आकाश निरभ्र, पाऊस नाही, आणि तरी पहाटे पात्र भरलेलं, असं होऊ शकतं. मुक्काम नेहमी काठाच्या वर, जिथे जुना पालापाचोळा आणि वाहून आलेली काटकी अडकलेली दिसते त्या रेषेच्याही वर.

माळावर खुंट्या ठोकल्या जात नाहीत, वाकतात. काय करायचं?

तंबूसोबत येणाऱ्या तारेच्या खुंट्या मुरमात दोन इंच जातात आणि वाकतात, मग लोक दगड ठेवून काम भागवतात आणि संध्याकाळच्या वाऱ्याला तंबू बसतो. कोणत्याही वेल्डिंगवाल्याकडून ८ ते १० मिलिमीटरची सळई घ्या, १० इंचांचे बारा तुकडे करून घ्या, एका टोकाला धार आणि दुसऱ्या टोकाला वाकवून आकडा. एक किलोची हातोडी. मुरमाला आधी थोडं पाणी घालून दहा मिनिटं थांबलात तर निम्मे कष्ट वाचतात.

खुंटी तंबूपासून बाहेरच्या बाजूला कलती ठोका, तिचं डोकं तंबूपासून दूर झुकलेलं हवं. ताणदोरी जमिनीशी साधारण ४५ अंशांत. हिवाळ्यात इथला वारा बहुतेक पूर्व-ईशान्येकडून येतो, म्हणून तंबूची अरुंद बाजू तिकडे आणि दार पश्चिमेला. सूर्यास्त पाहत चहा घेता येतो तो वेगळा फायदा.

काळ्या रानात याच्या उलट त्रास. खुंटी लोण्यात सुरी जावी तशी आत जाते आणि तशीच बाहेर येते. तिथे युरियाची रिकामी पोती मातीने अर्धी भरा, दोरी पोत्याच्या मध्यावर बांधा आणि पोतं एक वीत खोल पुरा. ते उपटत नाही.

तंबूच्या तळाला दरवेळी भोकं पडतात.

बाभूळ आणि कुसळ. बाभळीचा काटा दोन-अडीच इंचांचा, पांढरा, वाळलेल्या गवतात दिसत नाही. कुसळ त्याहून वाईट : टोकाला बारीक उलटे केस असतात, त्यामुळे ते कापडात एकाच दिशेने पुढे सरकतं, ओढून निघत नाही. जागा आधी खराट्याने झाडा, मग पायात जाड बूट घालून पाय घासत चाला, लागेल ते कळतं. खाली ताडपत्री, त्यावर जुनी सतरंजी किंवा पोत्यांचा थर, त्यावर तंबू. ताडपत्रीच्या कडा तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी दोन इंच आत दुमडा. बाहेर राहिल्या तर दव आणि पाऊस ताडपत्रीवर गोळा होऊन थेट तुमच्या अंथरुणाखाली येतो. हे नव्वद टक्के लोक उलट करतात, कारण मोठी ताडपत्री जास्त सुरक्षित वाटते.

गाडीच्या चाकांनाही हेच काटे. ट्यूबलेस टायरची पंक्चर किट आणि १२ व्होल्टचा हवा भरायचा पंप ठेवा. काटा दिसला तरी लगेच उपटू नका, बरेचदा तोच भोक बुजवून धरतो. हवा तपासा, किट हाताशी घ्या, मग काढा.

अवकाळी पाऊस आला तर?

गाडी आधीपासूनच मुरमावर किंवा रस्त्याला लागून उभी असेल तर काही नाही. ती काळ्या रानात असेल तर पहिल्या दहा मिनिटांत निर्णय घ्या : एकतर ताबडतोब बाहेर काढा, नाहीतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हात लावू नका. ओली काळी माती टायरच्या खाचांत भरते, टायर गुळगुळीत होतो, वर मडगार्डमध्ये माती कोंबली जाऊन चाकच अडकतं. एक्सलरेटर दाबत राहिलात की गाडी फक्त खोल जाते. ऊन पडलं की हीच माती पाच-सहा तासांत गाडी पेलण्याइतकी घट्ट होते. तंबूभोवती चर खणू नका, मालकाच्या वावराची वाट लागते. जागाच उताराची निवडा.

थंडीला काय लागतं? जाड स्लीपिंग बॅग घेऊ का?

हिमालयातली बॅग इथे ओझं होते. १० अंशांपर्यंतची साधी बॅग किंवा खाली फोमची चटई आणि वर दोन सोलापुरी चादरी पुरतात. थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त येते, म्हणून चटईवर खर्च करा. पहाटे तंबू आतून ओला दिसतो तो गळत नाही, तुमच्याच श्वासाची वाफ गार कापडावर जमते. वरच्या खिडक्या चार बोटं उघड्या ठेवल्या की निम्मं ओल थांबतं. तलावाजवळ दव जास्त, तिथे चपला, काडेपेटी आणि भाकरीचा डबा बाहेर ठेवू नका.

शहरात काय पाहायचं, आणि कोणत्या क्रमाने?

आधी सिद्धेश्वर. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांचं हे स्थान चारही बाजूंनी तलावात, आणि सकाळी नऊ-साडेनऊला पाण्यावर ऊन तिरपं असतं तेव्हा सगळ्यात देखणं. तिथून तलावाला लागूनच भुईकोट किल्ला. बहामनी काळातला, दुहेरी तटाचा, बाजूला खंदक. किल्ला सपाटीवर असल्यामुळे "यात काय बघायचं" असं वाटतं, पण तटावरून चालत तलावाच्या बाजूला या आणि खाली बघा, मग तो इथे का बांधला ते कळतं. दीड तास धरा. ऊन चढायच्या आत ही दोन्ही ठिकाणं संपवा.

बारानंतर छताखालच्या गोष्टी. महापालिकेची इंद्रभुवन ही इमारत बाहेरूनही पाहण्याजोगी, गच्च नक्षीची. जवळच चार हुतात्म्यांचे पुतळे : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे. १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी झाली. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा जन्म सोलापूरचा, १९१० चा. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकासोबत ते चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या घरात महापालिकेने स्मारक केलं आहे, शांत जागा आहे, दुपारसाठी उत्तम. मुलं असतील तर पुणे रस्त्यावर केगावचं विज्ञान केंद्र परतीच्या वाटेवर ठेवा.

गाडी एकदाच लावा आणि रिक्षाने फिरा. नवी पेठ, टिळक चौक, चाटी गल्ली या भागात चारचाकी घालणं म्हणजे दुपार वाया घालवणं.

चादर घ्यायचीच आहे. खरी सोलापुरी कशी ओळखायची?

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, तरी बाजारात बाहेरून आलेला माल त्याच नावाने विकला जातो. चादर उलटी करून बघा. जॅकार्ड मागावर विणलेल्या चादरीत नक्षी दोन्ही बाजूंना असते, फक्त रंग उलटे : इथे लाल जमिनीवर पांढरा मोर, तर मागे पांढऱ्या जमिनीवर लाल. नक्षी एकाच बाजूला आणि पाठ फिकट असेल तर ती छापील. मग एक कोपरा मुठीत आवळून सोडा. सुती असेल तर चुण्या राहतात. कृत्रिम धाग्याची मिसळ असेल तर लगेच सरळ होते. वजन हातात जाणवलं पाहिजे. सिंगलचं नेहमीचं माप ६० × ९० इंच, तंबूत अंथरायला तेच सोयीचं.

चाटी गल्लीत पर्याय भरपूर. पूर्व भागात, यंत्रमागांच्या बाजूला गेलात तर दुकानदार गिऱ्हाइकाशी मराठीत, आतल्या पोऱ्याशी तेलुगूत आणि फोनवर कानडीत बोलताना ऐकू येईल. विणकर पद्मशाली समाज तेलंगणातून इथे आला, त्याची ही खूण. नवी चादर पहिल्या दोन-तीन धुण्यांत वेगळी धुवा, गडद रंग सोडतात.

स्वयंपाक किती करायचा? काय सोबत न्यायचं?

सकाळचा चहा आणि रात्रीचा एक पदार्थ, बस. दुपारचं शहरात जेवा. मटण खाणारे असतील तर सावजी चवीचं झणझणीत मटण मागा, सोबत ज्वारीची भाकरी. संध्याकाळी तंबूकडे निघताना शहरातून तीन गोष्टी घ्या : कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही.

कडक भाकरी म्हणजे ज्वारी-बाजरीची पापडाइतकी पातळ भाकरी, पाण्याचा अंश जाईपर्यंत भाजलेली. कोरडी ठेवली तर कित्येक दिवस टिकते. ताटात हाताने चुरा, वर दही, त्यात चटणी आणि वाटलं तर कच्चं शेंगतेल, पाच मिनिटं मुरू द्या. गॅस न पेटवता जेवण तयार. शेंगाचटणी उखळात कुटलेली घ्या, मिक्सरची नको. कुटलेलीला तेल सुटतं, बोटांत दाबली की गोळा होतो. मिक्सरची कोरडी भुकटी राहते. भाकऱ्या पिशवीत नेल्या तर माळावर पोचेपर्यंत चुरा होतो आणि दवाने सादळतात, म्हणून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा.

गॅससाठी २३० ग्रॅमची एक कॅन दोन माणसांना दोन दिवसांच्या चहा-भाताला पुरते. वाऱ्यात तीच निम्मी वाया जाते, आडोसा करा, पण पत्र्याने कॅनलाच गुंडाळू नका, ती तापून फुटू शकते. कॅन शहरात ऐनवेळी शोधत बसू नका, घरून आणा. चार-सहा जण असतील तर बर्नर बसवलेली पाच किलोची छोटी टाकी जास्त सोयीची.

शेकोटी करता येईल?

मालकाने दाखवलेल्या जागीच, आणि कडब्याच्या गंजीपासून खूप लांब. जानेवारीत गवत, पाचट, कडबा सगळंच पेटायला टपलेलं असतं आणि ठिणगी पूर्व-वाऱ्यावर शंभर फूट सहज जाते. एका गंजीत शेतकऱ्याच्या जनावरांचा वर्षभराचा चारा असतो. निजायच्या आधी राखेवर पाणी ओता, हात लावून गार झाल्याची खात्री करा.

हुरडा कधी मिळतो?

डिसेंबर अखेर ते जानेवारी अखेर, पेरणी पुढेमागे झाली तर थोडं इकडेतिकडे. कृषी पर्यटन केंद्रांवर आधी सांगून ठेवावं लागतं. जमिनीत उथळ खड्डा म्हणजे आगटी, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, त्यात ज्वारीची कोवळी कणसं खुपसतात. भाजलेलं कणीस राखेतून काढून गरम असतानाच तळहातांत चोळतात, फुंकर मारली की कोंडा उडतो आणि मऊ हिरवे दाणे हातात राहतात. चोळणाऱ्याचे हात काळे, खाणाऱ्यांची रांग. गूळभेंडी जातीचा मिळाला तर गोडी वेगळीच. हुरड्यावर लगेच भरपूर पाणी पिऊ नका, पोट दुखतं असं जुनी माणसं सांगतात. ताक घ्या.

नान्नजच्या अभयारण्यात माळढोक पक्षी दिसेल का? तिथेच तंबू लावता येईल?

दोन्हींना उत्तर नाही. १९७९ मध्ये जाहीर झालेलं हे अभयारण्य बार्शी रस्त्यावर शहरापासून साधारण २० किलोमीटरवर आहे. पण माळढोक आता दिसणं जवळपास संपलं आहे. काळवीट मात्र नक्की दिसतात, सकाळी साडेसहा ते आठ आणि संध्याकाळी, आणि नशिबात असेल तर लांडगा. वनविभागाच्या चौकीवर परवानगी घेऊनच आत जा. ड्रोन नको, भडक कपडे नको, गाडीचं दार आपटणं नको. मुक्काम हद्दीबाहेरच्या खासगी शेतात.

नळदुर्ग की हत्तरसंग कुडल? एकच दिवस उरतो.

ऑगस्ट-सप्टेंबरात आलात तर नळदुर्ग. हैदराबाद रस्त्यावर ४५-५० किलोमीटर. बोरी नदीवरच्या बांधातच पाणीमहाल बांधला आहे आणि बांध भरला की नर-मादी धबधबे त्यावरून कोसळतात. हिवाळ्यात ते बहुधा कोरडे असतात, किल्ला मोठा आहे, पण पाण्याशिवाय निम्मी गंमत जाते.

हिवाळ्यात कुडल. विजयपूर (विजापूर) रस्त्याने दक्षिणेला, सुमारे ४० किलोमीटर, भीमा आणि सीनेचा संगम. संगमेश्वर मंदिरात तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख आहे. त्यात मराठीतली ओळ आहे, "वाछि तो विजेया होइवा", जो वाचेल तो विजयी होईल. साल कोरलेल्या सर्वांत जुन्या मराठी लेखांपैकी हा एक. समोरून बॅटरी मारली तर काहीच दिसत नाही. बॅटरी दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने प्रकाश टाका, खाचांत सावली पडते आणि अक्षरं उठून येतात. खडू, पाणी, पीठ काहीही लावू नका. आवारातल्या दुसऱ्या मंदिरातलं ३५९ मुखांचं शिवलिंगही चुकवू नका.

कोणत्या तारखा टाळायच्या?

मकर संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. नंदीध्वजांची मिरवणूक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावरची जत्रा. ती बघायलाच येत असाल तर सगळ्यात चांगला काळ, पण गाडी शहराच्या कडेला सोडून चालत आत जायची तयारी ठेवा. शांतपणे शहर बघायचं असेल तर तो आठवडा सोडा. आषाढी आणि कार्तिकीला पंढरपूरकडचे रस्ते वारकऱ्यांचे. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला लाखो लोक चालत जातात आणि तो रस्ता वाहनांना बंद होतो. त्या रात्री तुळजापूर रस्त्यावर तंबू असेल तर गाडी अडकली समजा.

पाणी किती लागतं?

माणशी दिवसाला पिण्याचं ४ लिटर, स्वयंपाकाला २, हात-तोंड-भांड्यांना ४. चौघांना दोन दिवसांचं ८० लिटर. त्यातलं प्यायचं आणि स्वयंपाकाचं ४८ लिटर, म्हणजे २० लिटरचे अडीच जार, विकत घ्या. बाकी मालकाच्या बोअरवर. बोअरचं पाणी क्षाराचं, चहाची चव बिघडते आणि डाळ शिजता शिजत नाही, गॅसची कॅन मात्र संपते. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा कुणाच्या दारात "बाटली भरून घेऊ का" विचारताना हे लक्षात ठेवा.

साप-विंचवाची भीती वाटते.

थंडीत साप कमी हिंडतात, पण दगडांच्या ढिगाऱ्याजवळ आणि गंजीशेजारी तंबू नको. रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका, बूट घालण्याआधी उलटे करून झटका. साप चावलाच तर बांधणं, कापणं, चोखणं काहीही करू नका. चावलेला अवयव हलू न देता १०८ ला फोन करा किंवा थेट सोलापूरच्या सर्वोपचार रुग्णालयात, ज्याला सगळे "सिव्हिल" म्हणतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर एकच प्रतिसर्पविष चालतं, त्यामुळे साप मारून सोबत आणायची गरज नाही. लाल विंचवाने डंख केला आणि घाम, उलटी, हातपाय गार पडणं असं काही दिसलं, विशेषतः लहान मुलाला, तर तेवढ्याच घाईने दवाखाना.

दिवसभर तंबू मोकळा सोडून जाणं सुरक्षित आहे?

चोरीपेक्षा शेळ्या, कुत्री आणि वारा यांचा उपद्रव जास्त. खाण्याचं सगळं गाडीत. पाकिटं, कॅमेरे अर्थातच गाडीत. निघताना तंबूच्या मधल्या काड्या काढून तो जमिनीवर झोपवा आणि चार कोपऱ्यांवर दगड ठेवा. दुपारच्या उन्हाने कापड कुजतं तेही वाचतं, आणि संध्याकाळी परत उभा करायला तीन मिनिटं लागतात.

परत निघताना तंबू कसा गुंडाळायचा?

सकाळी आठच्या आत नाही. दवाने भिजलेला तंबू पिशवीत कोंबला की दोन दिवसांत बुरशीचा वास धरतो. उन्हात उलटा टाका, तळ वर, अर्धा तास पुरतो. तेवढ्यात कुसळं काढा : ओढून नाही, शिरलेल्या दिशेनेच पुढे ढकलून, पलीकडून चिमट्याने. तळाला काळी माती चिकटली असेल तर ओली असताना पुसू नका, डाग पसरतो. वाळू द्या, मग झटका, खपलीसारखी पडते.